नाव ठेवावं तरी कशावरून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. दोहोंत फरक एका अनुस्वाराचा. आज ज्या विषयाबद्दल बोलायचं आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली नव्याने बसवली की नेटवर्कच्या जोडणीचं नाव पुष्कळदा भलतंच दिसतं. ते तसं का दिसतं, त्यामागे काय घडलं आहे आणि त्याने आपलं काय बिघडू शकतं, हा आजचा विषय.

हा प्रश्न सध्या पुष्कळ घरांत येतो, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. ज्या धडधाकट यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांचं काय करायचं? काहींनी ती भंगारात दिली, काहींनी त्यांवर उबुंटू, मिंट, डेबियन असं काहीतरी लिनक्स बसवलं. बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. अर्ध्यापाऊण तासाचं काम. अडचण पुढे येते. हाताशी एखादं जुनं पुस्तक असतं, नाहीतर ओळखीच्या कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं असतं, की नेटवर्क कार्डाचं नाव 'इथ-०', ते अमुक ठिकाणी टाका. आपण ते टाकतो आणि संगणक सांगतो, असं उपकरणच नाही. मग शोध घेतल्यावर कळतं, की आपल्या यंत्रात त्याचं नाव आहे 'ईएनपी३एस०'. वायरलेसचं असेल तर 'डब्ल्यूएलपी२एस०'. नाव कसलं, मोटारीची नंबरप्लेट वाटावी.

आधी त्या जुन्या नावाबद्दल. 'इथ' हे इथरनेटचं लघुरूप. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एका टिपणात हे नाव योजलं. प्रकाशलहरी ज्यातून जातात असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, ते सर्वव्यापी माध्यम म्हणजे ईथर. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये त्याचा माग काढायचा प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. म्हणजे जगभरच्या तारांना नाव मिळालं ते अस्तित्वात नसलेल्या वस्तूवरून! या विषयात नावांची गंमत ही अशी पहिल्यापासूनच आहे.

लिनक्सच्या जन्मापासून, म्हणजे १९९१ नंतरच्या सुरुवातीच्या काळापासून, पद्धत साधी होती. संगणक सुरू होताना जे नेटवर्क कार्ड आधी सापडेल ते 'इथ-०', त्यानंतर सापडेल ते 'इथ-१', पुढचं 'इथ-२'. वर्गात जो आधी येईल त्याचा हजेरी क्रमांक एक, असा हा प्रकार. वर्गात एकच मुलगा असेल तर याच्याइतकी सोपी पद्धत नाही. घरगुती संगणकात कार्ड एकच असे, त्यामुळे 'इथ-०' हे नाव लोकांच्या बोटांत बसलं. पुस्तकांत छापलं गेलं, शिकवण्यांत आलं.

दोन कार्डं असली की या पद्धतीचा दोष दिसतो. तोही रोज दिसत नाही, आणि तेच वाईट. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून पुढे एकेका उपकरणाची वाट पाहत बसण्याऐवजी सगळ्यांना एकदम जागं करण्याची पद्धत आली. मग दोन कार्डांत शर्यत सुरू झाली. महिनोन्महिने पहिलं कार्ड जिंकतं, आणि एके दिवशी वीज जाऊन आल्यावर दुसरं जिंकतं. आत कुणी स्क्रू उघडलेला नसतो, तार हलवलेली नसते, तरी कालचा 'इथ-०' आज 'इथ-१' झालेला असतो.

यात बिघडतं काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे. एखाद्या छोट्या कचेरीत किंवा पतसंस्थेत एक जुना संगणक दारवानासारखा बसवलेला असतो. त्याला दोन कार्डं. एका कार्डाला बाहेरून आलेली केबलवाल्याची तार, दुसऱ्याला आतल्या आठ-दहा संगणकांची तार. या यंत्राला सांगून ठेवलेलं असतं, की 'इथ-०' कडून येणाऱ्या कुणालाही आत घेऊ नको आणि 'इथ-१' कडचे सगळे आपले, त्यांना फायली उघड्या ठेव, छपाई यंत्र वापरू दे, नेटवर्कमधला पत्ता वाटून दे. हे सगळे हुकूम नावावर दिलेले आहेत. कार्डावर नव्हे! नावांची अदलाबदल झाली की दारवान इमानाने तेच हुकूम पाळतो, फक्त उलट्या दारांवर. आतल्या माणसांना मज्जाव, आणि फायली उघड्या कुणाला, तर बाहेरच्या तारेवर जो असेल त्याला. एवढंच नव्हे, तर आपलं यंत्र त्याच केबलवाल्याच्या शेजारच्या गिऱ्हाइकांनाही पत्ते वाटत सुटतं आणि त्यांचं इंटरनेट का बंद पडलं हे कुणालाच कळत नाही. बहुतेक वेळा आतलं काम लगेच ठप्प होतं, आरडाओरडा होतो आणि कुणीतरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतं. शर्यत पुन्हा नेहमीच्या कार्डाने जिंकली की सगळं सुरळीत. 'रीस्टार्ट केलं की चालतं' या वाक्यामागे कधीकधी एवढं सगळं दडलेलं असतं.

याला उपाय म्हणून २००० नंतरच्या दशकात नोंदवहीची पद्धत आली. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक घातलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. बारा चिन्हांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतून बनलेला. त्यातली पहिली सहा चिन्हं बनवणाऱ्या कंपनीची. गाडीचा चेसी नंबर असतो तसं समजा. लिनक्सने एका फाइलीत लिहून ठेवायला सुरुवात केली: या चेसी नंबरचं कार्ड 'इथ-०', त्या नंबरचं 'इथ-१'. आता कुणीही आधी येवो, नाव ठरलेलं.

कागदावर हे उत्तम होतं. पण शाळेच्या प्रयोगशाळेचं उदाहरण घ्या. वीस संगणक आहेत. शिक्षक एकावर सगळं नीट बसवतात आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल उरलेल्या एकोणिसांवर उतरवतात, कारण वीसदा तेच काम कोण करणार? नकलेबरोबर ती नोंदवहीही उतरते. दुसरा संगणक सुरू होतो, वहीत पाहतो, तर 'इथ-०' हे नाव अगोदरच कुणाला तरी दिलेलं. तो कुणीतरी इथे नाही, दुसऱ्या टेबलावर आहे, पण वहीला ते कळत नाही. मग इथल्या कार्डाला मिळतं 'इथ-१'. आणि नेटवर्कची मांडणी तर 'इथ-०' साठी केलेली. परिणामी एक संगणक चालू आणि एकोणीस बंद. मदरबोर्ड जळाला म्हणून बदलून घेतला, तरी हेच. आभासी यंत्रांच्या बाबतीत, म्हणजे एका मोठ्या संगणकाच्या पोटात चालणाऱ्या लहान संगणकांच्या बाबतीत, तर हे रोजचंच झालं, कारण तिथे नक्कल काढणं हाच व्यवहार.

शिवाय आणखी एक घोळ होता. 'इथ-०' आणि 'इथ-१' ही नावं कार्यप्रणालीचा गाभा स्वतःही वाटत असे आणि ही नोंदवहीही तीच वाटत असे. दोघांनी एकाच वेळी एकाच पोत्यात हात घातला की झटापट होई, आणि एखादं कार्ड अर्धवट नावासकट लटकत राही. 'रीनेम२' अशा नावाचं कार्ड पाहून बुचकळ्यात पडलेले लोक त्या काळात बरेच होते. बारशाच्या दिवशी आत्या आणि मावशी भांडल्या आणि बाळाचं नाव 'नावबदल' असंच राहिलं, तसं काहीसं.

मग विचार पुढे आला, की वस्तू कोण आहे यावरून नाव न ठेवता ती कुठे बसली आहे यावरून ठेवावं. डेल कंपनीने असं एक साधन तयार केलं आणि २०११ मध्ये फेडोरा १५ मध्ये ते वापरात आलं. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडी या प्रणालीच्या १९७ व्या आवृत्तीत याच कल्पनेची आज रूढ असलेली पद्धत आली. रेड हॅटने २०१४ च्या सातव्या आवृत्तीत, उबुंटूने २०१५ च्या अखेरीस, तर डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत तिचा स्वीकार केला.

आता ते चमत्कारिक नाव सोडवून पाहू. 'ईएन' म्हणजे इथरनेट. 'पी३' म्हणजे संगणकाच्या आत पीसीआय नावाचे जे मार्ग असतात त्यांतला तिसऱ्या क्रमांकाचा. 'एस०' म्हणजे त्या मार्गावरची शून्य क्रमांकाची जागा. थोडक्यात, गल्ली नंबर तीन, घर नंबर शून्य. 'डब्ल्यूएल' म्हणजे वायरलेस, बाकी तसंच. कार्ड मदरबोर्डवरच जडवलेलं असेल तर 'ईएनओ१'. यूएसबीला लावलेला वायफायचा छोटा तुकडा असेल, तर तो आज या भोकात आणि उद्या त्या भोकात. त्याला घर कुठलं? म्हणून डेबियन, उबुंटूवर त्याला 'डब्ल्यूएलएक्स' ही तीन चिन्हं लावून पुढे त्याचा बारा चिन्हांचा चेसी नंबर जसाच्या तसा चिकटवतात. एकूण पंधरा. लिनक्समध्ये अशा नावाला जास्तीत जास्त पंधराच चिन्हं चालतात. मापात बरोबर बसलं.

आपल्याकडे आडनावं कशी पडली ते आठवा. कुणी कामावरून कुलकर्णी, जोशी झाले, कुणी गावावरून सातारकर, नाशिककर. संगणकांतही ही दोन्ही घराणी आहेत. फ्रीबीएसडी नावाच्या लिनक्सच्या चुलतभावंडात कार्डाचं नाव त्याच्या चालकावरून, म्हणजे ते चालवणाऱ्या आज्ञावलीवरून पडतं. इंटेलच्या पुष्कळ कार्डांना 'ईएम०', रिअलटेकच्या कार्डांना 'आरई०'. ही कुलकर्ण्यांची पद्धत. लिनक्सने घेतली ती '-कर' ची. फरक एवढाच, की आमचे सातारकर तीन पिढ्या नागपुरात राहिले तरी सातारकरच राहतात. संगणकातलं कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत गेलं की त्याचं आडनाव त्याच दिवशी बदलतं.

आणि इथेच नव्या पद्धतीला नावं ठेवायला जागा आहे. तिचं इंग्रजी नाव आहे 'प्रेडिक्टेबल', म्हणजे आधी सांगता येतील अशी नावं. पण बंद डब्याकडे बघून त्याचं नाव कुणी आधी सांगून दाखवावं! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्ड न हलवताही ते बदलू शकतं. पीसीआय मार्गांचे क्रमांक पक्के खोदलेले नसतात. संगणक सुरू होताना एकेक फांदी चालत जाऊन ते दिले जातात. तुम्ही नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं किंवा नवीन पद्धतीची वेगवान डिस्क लावली, की वाटेत एक गल्ली नव्याने उघडते आणि पुढच्या सगळ्या गल्ल्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात. कालचा 'ईएनपी३एस०' आज 'ईएनपी४एस०'. डिस्क बदलली आणि इंटरनेट गेलं, या तक्रारीवर दुकानदार हसतो, पण तक्रार खरी असू शकते.

काही वेळा तर दोष पत्ता सांगणाऱ्याचा असतो. मदरबोर्डवरच्या कार्डाचा क्रमांक लिनक्स स्वतः ठरवत नाही, यंत्रातली मूळ आज्ञावली जो सांगेल तो घेतं. व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांवर रेड हॅट ७ बसवणाऱ्यांना त्यामुळे 'ईएनओ१६७७७७३६' असं नाव दिसू लागलं. एक कोटी सदुसष्ट लाख कार्डं असलेला मदरबोर्ड अजून कुणी बनवलेला नाही. पुढे सिस्टमडीत अशा अवास्तव आकड्यांकडे दुर्लक्ष करण्याची सोय करावी लागली.

तरीही मला विचाराल, तर मी नव्या पद्धतीच्या बाजूने आहे. जुनं नाव दिसायला गोड होतं, पण ते न सांगता, न काही बदलता, केवळ नशिबाने बदलत असे, आणि बदलल्यावरही 'इथ-०' असंच दिसे. नाव तेच, माणूस वेगळा. नवं नाव बदलतं तेव्हा निदान बहुतेक वेळा हुकूम चुकीच्या दारावर जात नाही. ते नावच सापडत नाही म्हणून काम थांबतं आणि आपल्याला कळतं. दाराशी तोतया उभा राहण्यापेक्षा दाराशी कुणीच नसणं परवडलं. अर्थात, ज्याचं यंत्र दुसऱ्या शहरात आहे आणि कार्यप्रणालीची नवी आवृत्ती चढवल्यावर ज्याचा त्याच्याशी संपर्कच तुटला आहे, तो रात्रीच्या गाडीत बसून हे ऐकत असेल तर माझ्याशी सहमत होणार नाही. त्याचंही बरोबर आहे.

आता घरच्या माणसाने काय करावं? एक तर पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारं 'वायर्ड कनेक्शन १' हे नाव आणि कार्डाचं नाव यांची गल्लत करू नये. 'वायर्ड कनेक्शन १' हे कुठल्याही वस्तूचं नाव नाही. ते एका चिठ्ठीचं शीर्षक आहे. चिठ्ठीत लिहिलेलं असतं की पत्ता आपोआप घ्यायचा की ठरावीक, वगैरे. शीर्षक तुम्ही 'दिवाणखाना' असं बदललंत तरी चालतं. जुन्या विंडोजमध्ये कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं की 'लोकल एरिया कनेक्शन २' दिसायचं आणि एक कुठे गेलं म्हणून लोक शोधत बसायचे, ते पुष्कळांना आठवत असेल. इथेही तसंच होऊ शकतं. एका चिठ्ठीत कार्डाचं जुनं नाव किंवा जुना मॅक पत्ता अडकून राहतो आणि ती चिठ्ठी नव्या कार्डाला लागूच होत नाही. अशा वेळी त्या चिठ्ठीतला कार्डाचा उल्लेख खोडावा, नाहीतर चिठ्ठी काढून टाकून नवी करावी. घरी एकच कार्ड असेल तर बहुधा एवढ्याने भागतं. आपल्या कार्डाचं नाव काय, हे पुस्तकाला न विचारता यंत्रालाच विचारावं. टर्मिनलच्या खिडकीत 'आयपी लिंक' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाकली की यादी येते. तिच्यात 'एलओ' दिसेल, ते सोडून द्यावं. ते संगणकाचं स्वतःशीच बोलण्याचं दार आहे आणि त्याचं नाव मात्र इतक्या वर्षांत बदललेलं नाही.

गाभ्याला 'नेट डॉट आयएफनेम्स बरोबर शून्य' अशी सूचना देऊन जुनी नावं परत आणता येतात. एकच कार्ड असेल तर खुशाल आणा. दोन कार्डांच्या दारवान यंत्रावर मात्र हे करू नका. ती शर्यत पुन्हा सुरू होईल.

तशा यंत्रावर सरळ आपणच नाव ठेवावं, कामावरून. एका छोट्या फाइलीत चार ओळी लिहायच्या: दोन ओळींत या मॅक पत्त्याचं कार्ड, आणि दोन ओळींत त्याचं नाव अमुक. नावाची सुरुवात 'इथ' ने करू नये, म्हणजे गाभ्याशी झटापट होत नाही. 'लॅन०', 'इंटरनेट०' अशी नावं चालतात. इंग्रजी अक्षरांत लिहून 'घर०' आणि 'बाहेर०' हीसुद्धा चालतात. मग ते कार्ड आधी येवो की नंतर, या गल्लीत असो की त्या. कार्ड जळून नवं घातलं तर त्या फाइलीतली मॅक पत्त्याची एक ओळ बदलायची, बाकी दारवानाचे सगळे हुकूम जसेच्या तसे राहतात. आणि यंत्राच्या पाठीमागच्या दोन भोकांतलं 'बाहेर०' नेमकं कोणतं, असा प्रश्न पडला तर 'एथटूल' नावाचं साधन आहे. त्याला उणे पी असं सांगून कार्डाचं नाव दिलं, की बऱ्याच कार्डांचा मागचा दिवा लुकलुकू लागतो. टेबलाखाली वाकून बघायचं, लुकलुकणाऱ्या भोकाशेजारी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर पेनाने लिहायचं: बाहेर.